बोनाफाईड द्या, पण हिशेबही मागा

"ताई, 2021 मध्ये सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयात आमचा संमतीने घटस्फोट झाला. मुलीचे पप्पा फौजेत हवालदार आहेत. मुलगी नऊ वर्षांची, माझ्याकडे असते. तिच्यासाठी महिना 5,000 ठरले, पण कधी कधी दोन-दोन महिने येतच नाहीत. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई करते. आता कळलं की ते सियाचीनला आहेत आणि त्याचे 30,000 वेगळे मिळतात. भाऊ म्हणतो, अर्धा पगार माग. गल्लीतले माजी सुभेदार म्हणतात, कोर्टाची पायरी नको, युनिटला अर्ज टाक. मुलीच्या पप्पांचा फोन वर्षातून एकदाच येतो, शाळेचं बोनाफाईड पाठव म्हणून. पण बर्फात राहून मिळवलेल्या पैशावर डोळा ठेवायला मन धजत नाही. मी हावरट आहे का? मुलगी विचारते पप्पा कुठे आहेत, तिला काय सांगू?"
– एक आई, जुळे सोलापूर

ताई, पाच हजारांत मुलीची फी, रिक्षा, वह्या-पुस्तकं आणि आजारपण बसवताय आणि वर स्वतःला हावरट म्हणताय? भावाचं अर्ध्या पगाराचं गणित मात्र सोडून द्या, तसा कुठलाही नियम नाही.

सियाचीनचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. 2017 मध्ये जवानांसाठी हा भत्ता महिना 30,000 झाला. पण माणूस तिथे आहे तोवरच तो मिळतो, खाली उतरला की बंद. त्या आकड्यावर रक्कम वाढवून घेतलीत, तर पुढच्या पोस्टिंगला तेच कोर्टात येतील, कमी करा म्हणून, आणि तुमच्या तारखा पुन्हा सुरू. त्यापेक्षा मूळ पगार, महागाई भत्ता आणि मिलिटरी सर्व्हिस पे (जवानांना 5,200) धरा. हे तिन्ही कुठल्याही पोस्टिंगला त्यांच्यासोबत जातात. सियाचीनच्या भत्त्याचा अर्जात उल्लेख करा, सगळा हिशेब मात्र त्याच्यावर उभा करू नका.

सुभेदारसाहेबांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. नुसता युनिटला अर्ज टाकला, तर आर्मीच्या 2001 च्या आदेशाप्रमाणे एका मुलासाठी पगार-भत्त्यांच्या साडेपाच टक्क्यांपर्यंतच कापतात. समजा सगळे मिळून 60,000 होतात, तर मुलीच्या वाट्याला 3,300. तुमचे पाच हजार बरे! कोर्टाला ही मर्यादा लागू नाही, म्हणून वाढ मागायची ती कोर्टात. आणि युनिट उपयोगी पडतं वसुलीला. आर्मी ॲक्टच्या कलम 28 मुळे दिवाणी कोर्टाला फौजीच्या पगारावर जप्ती आणता येत नाही, पण कलम 91 खाली फौज स्वतः मुलांच्या पोटगीसाठी पगारातून कपात करू शकते. तेव्हा हप्ते थकले की कोर्टाच्या आदेशाची प्रत जोडून कमांडिंग ऑफिसरला रजिस्टर्ड पोस्टाने अर्ज पाठवा, पोचपावती जपून ठेवा.

आता त्या बोनाफाईडकडे वळते. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. वर्षातून एकदा जो कागद मागितला जातो, तो बहुतेक मुलांच्या शिक्षण भत्त्यासाठी लागतो. हा भत्ता आधी महिना 2,250 होता, महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यावर जानेवारी 2024 पासून 2,812 रुपये 50 पैसे झाला. म्हणजे वर्षाचे 33,750, मुलीच्या शाळेच्या नावाने, तिच्या वडिलांच्या खात्यात! आणि फी कोण भरतं? तुम्ही, मशीनवर बसून, दुसऱ्यांच्या पोरांचे शर्ट शिवून.

रागाने बोनाफाईड अडवू नका. तो कागद गेला नाही तर भत्ता कुणालाच मिळत नाही. द्या, झेरॉक्स ठेवा, आणि कोर्टात स्पष्ट मागा की हा भत्ता पोटगीच्या वर, वेगळा, मुलीच्या खात्यात जमा व्हावा. सियाचीनचा भत्ता ते बर्फात राहून कमावतात, हा मात्र मुलगी शाळेत जाते म्हणून मिळतो. तिथे तुमच्या मनाने धजायला काहीच हरकत नाही.

संमतीच्या घटस्फोटात सही केली म्हणून दार बंद झालं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली मुलांसाठीचा आदेश नंतरही बदलून मागता येतो. आईने सही केली तरी त्याने मुलीचा हक्क बुडत नाही. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तिथे सियाचीनच्या आधीच्याही पे-स्लिपा मागा. तुमच्या कारखान्याचा पगारही खरा लिहा, ओव्हरटाइमसकट. वकिलाच्या फीची काळजी नको. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला वकील मोफत मिळतो, तिथे उत्पन्नाची अट नाही.

राहिला मुलीचा प्रश्न. तिला खरं सांगा. भूगोलाच्या नकाशात अगदी वरचं टोक दाखवा. पोटगीची भांडणं तिच्या कानावर घालू नका. तिला वाटलं तर पत्र लिहू द्या. त्यांचा नंबर, नाव, युनिट आणि खाली "मार्फत 56 ए.पी.ओ." (म्हणजे आर्मीचं पोस्ट ऑफिस) एवढ्या पत्त्यावर ते वरपर्यंत जातं. आत काय लिहिलंय ते तुम्ही वाचू नका.