दप्तर पाठीवरचं आणि दप्तर कचेरीतलं

प्रश्न असा आला आहे: 'शाळेच्या पिशवीला आपण दप्तर म्हणतो. मग "अर्ज दप्तरी दाखल केला" किंवा "दप्तरदिरंगाई" यात पिशवी कुठून आली? हिंदीत तर दफ्तर म्हणजे चक्क ऑफिस. हे दोन वेगळे शब्द आहेत का? आणि बरोबर काय, दप्तर की दफ्तर?'

शब्द एकच आहे. तो पिशवीचाही नाही आणि ऑफिसचाही नाही. मुळात तो कातड्याचा आहे.

ग्रीक भाषेत 'डिफ्थेरा' म्हणजे कमावलेलं कातडं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला इतिहासकार हिरोडोटस एक गमतीची नोंद करून गेला आहे. आयोनियातले (आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे) ग्रीक पपायरसच्या, म्हणजे इजिप्तमधल्या लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या, पुस्तकांनाही 'कातडी'च म्हणतात, कारण पपायरस मिळत नसे तेव्हा त्यांचे पूर्वज शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यांवर लिहीत. म्हणजे त्याच्या काळातच वस्तू बदलली होती, नाव मात्र चिकटून राहिलं होतं. पुढे हा शब्द पश्चिम आशियातल्या भाषांमध्ये शिरला आणि फारसी-अरबीत 'दफ्तर' झाला. तोवर अर्थ बदलून वही, नोंदवही, हिशेबाचं बाड असा झाला होता. तुर्कीत 'देफ्तेर' म्हणजे वही, स्वाहिलीत 'दफ्तारी' म्हणजेही वहीच, इंडोनेशियात 'दाफ्तार' म्हणजे यादी. ग्रीकांची तर कमाल आहे. त्यांनी आपलाच शब्द तुर्कांकडून 'तेफ्तेरी' म्हणून परत घेतला आणि वाण्याच्या उधारीच्या वहीला लावला.

घशाच्या डिफ्थेरियाचं नावही याच कातड्यावरून पडलं आहे. त्या रोगात घशात चामड्यासारखा चिवट पापुद्रा धरतो, म्हणून एकोणिसाव्या शतकात एका फ्रेंच डॉक्टराने ते दिलं. आपण त्याला घटसर्प म्हणतो. आपल्याला कातडं दिसलं नाही, साप दिसला.

आता महाराष्ट्र. आपल्याकडे लिहायला ताडपत्र होतं, भूर्जपत्र होतं, तांब्याचा पत्रा होता, शिळा होती. पुस्तकाला 'पान' असतं आणि टपालाने 'पत्र' येतं, ते झाडाच्या पानामुळेच. कातड्यावर लिहिण्याची चाल इथे रुजली नाही, चामड्याचा विटाळ मानणाऱ्या समाजात रुजणं अवघडच होतं. त्यामुळे मला या शब्दातली खरी मौज पेशवाईत दिसते. सोवळंओवळं कसोशीने पाळणारे कारकून रोज सकाळी 'दफ्तर' उघडत होते, आणि त्या नावात शेळीचं कातडं गुंडाळलेलं आहे याची कोणालाच खबर नव्हती.

त्यांच्यासमोर जे होतं ते कागदाचं आणि कापडाचं. जुन्नरी, दौलताबादी असा हातकागद, त्यावर बोरूने लिहिलेली मोडी. असे कागद एकावर एक रचून चौकोनी फडक्यात ठेवायचे, समोरासमोरची टोकं ओढून गाठ मारायची. या गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले, म्हणजे पेशवेकाळच्या सरकारी कागदांच्या संग्रहातले, कागद आजही रुमालांवरच मोजतात, आणि तिथे असे हजारो रुमाल आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी त्यातून निवडलेल्या कागदांचे 45 खंड 1930 नंतरच्या काही वर्षांत निघाले. पोथ्या बांधायच्या फडक्याला 'बासन'. म्हणूनच एखादी योजना सरकारने 'बासनात गुंडाळली' म्हणतात, आणि अर्ज 'दप्तरी दाखल' झाला की अर्जदाराने काय ते समजायचं.

आपल्या प्रश्नाचं उत्तर या गाठोड्यातच आहे. नोंदी म्हणजे दफ्तर, त्या बांधलेलं गाठोडं म्हणजे दफ्तर, गाठोडी ठेवायची जागा म्हणजेही दफ्तर. हिंदीने जागा उचलली आणि ऑफिस केलं. मराठीला जागेसाठी 'कचेरी' होतीच, मग 'कार्यालय' आलं, त्यामुळे आपल्याकडे गाठोडं उरलं. तलाठ्याचं दप्तर म्हणजे आजही त्याच्याकडचे गाव नमुने, फेरफार, वह्या. दप्तर तपासणीला साहेब येतो तो हेच तपासायला. शाळकरी पोराचंही तेच: पाटी, पुस्तक, वही एका फडक्यात बांधली की झालं दप्तर. आमच्या आजोबांचं दप्तर म्हणजे जुन्या धोतराचा तुकडा होता, गाठ मारून काखोटीला. वडिलांचं खाकी कॅनव्हासचं, माझं रेक्झिनचं, त्याचा बंद दर पावसाळ्यात तुटायचा. कापड गेलं, गाठ गेली, चेन आली, तरी शब्द हलला नाही. 2015 साली शासनाने निर्णय काढला, की दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको. तिथेही शब्द 'दप्तर'च.

'फाइल'लाही हसायला नको. तिच्या मुळाशी लॅटिनमधला 'दोरा' आहे, कागद ओवून ठेवायचा.

राहिला फ की प. मूळ फारसीत फ आहे. मराठी जिभेला त च्या आधीचा फ जड जातो, म्हणून 'हफ्ता'चा 'हप्ता' झाला तसा 'दफ्तर'चा 'दप्तर' झाला. दोन्ही चालतात. मी स्वतः शाळेच्या पिशवीला आणि तलाठ्याच्या कागदांना 'दप्तर' लिहितो, पण 'पेशवे दफ्तर' हे विशेषनाम असल्याने त्यातला फ तसाच ठेवतो. शासकीय कामातल्या विलंबाला आळा घालणारा 2005 चा कायदा आहे, त्याचं लांबलचक अधिकृत नाव कोणी घेत नाही, सगळे 'दफ्तर दिरंगाईचा कायदा' म्हणतात. तो छापताना काही जण फ घालतात, काही प. वर्तमानपत्रांत दोन्ही दिसतात, कधीकधी एकाच बातमीत.