मनातलं विचारा : दाजींचे फॉरवर्ड, चहाच्या टपरीवरचे गप्प लोक आणि टेनिस बॉलची टूर्नामेंट

यावेळची पत्रं जास्त करून सोलापुरातनंच आलीत आणि सगळ्यांचं रडगाणं फिरून फिरून एकच, राजकारणावरनं माणसं तुटायला लागलीत. नावं छापत नाही, भाग तेवढा छापतो.

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर माझे दाजी रोज सकाळी राजकारणाचे मेसेज टाकतात, त्यातले निम्मे खोटे. मी दरवेळी खरी बातमी शोधून लिंक, फोटो, आकडे सगळं टाकते, तर ते अजून चिडतात अन् दुसऱ्या दिवशी डबल टाकतात. अक्काशी पण आता नीट बोलणं राहिलं नाही. पुरावा देऊन पण माणूस ऐकत नसेल तर करायचं काय?
– एक वाचक, साखर पेठ

उत्तर : ताई, पुराव्याचा परिणाम होतो, पण तुम्ही बघताय तिथं होत नाही.

१९७९ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लॉर्ड, रॉस आणि लेपर या तिघांनी ४८ विद्यार्थी घेतले, निम्मे फाशीच्या शिक्षेच्या बाजूचे, निम्मे विरोधातले. सगळ्यांना तेच दोन रिपोर्ट वाचायला दिले, एकात फाशीमुळं गुन्हे कमी होतात असं, दुसऱ्यात होत नाहीत असं. आता दोन्ही बाजूंचं वाचल्यावर माणूस जरा तरी मधे यायला पाहिजे की नाही? झालं उलटंच, आपल्या बाजूचा रिपोर्ट प्रत्येकाला भारी वाटला, दुसऱ्यात पन्नास चुका काढल्या आणि शेवटी दोन्ही पार्ट्या म्हणाल्या की आमचं मत आता अजून पक्कं झालं. ही कॉलेजची शिकलेली पोरं होती बरं का, त्यामुळं दाजी अडाणी आहेत वगैरे डोक्यातनं काढून टाका.

पण म्हणून पुरावा दिला की माणूस हट्टाला पेटतोच असं पण नाही. २०१० मध्ये नायहन आणि रायफलर यांचा, इराककडं महाविनाशक शस्त्रं होती या चुकीच्या समजावरचा अभ्यास आला होता, त्यात दुरुस्ती वाचल्यावर काही लोकांचा चुकीचा समज वाढलेला दिसला, आणि ही गोष्ट पेपरवाल्यांनी जगभर फिरवली कारण ऐकायला मस्त आहे. पुढं वुड आणि पोर्टर यांनी ५२ विषय घेऊन दहा हजारावर लोकांवर तपासलं तर तसं काही सापडेचना. लोक खरी माहिती बऱ्यापैकी स्वीकारतात. नंतर हे चौघं एकत्र येऊन ट्रम्प यांच्या २०१६ च्या भाषणांवर अभ्यास केला, त्यात दिसलं की दावा चुकीचा होता हे समर्थक मान्य करतात, पण नेत्याबद्दलचं मत तसूभर हलत नाही. म्हणजे तुमचं म्हणणं दाजींना मनातनं पटत पण असेल. तुम्ही बातमी दुरुस्त करताय आणि ते आपली माणसं राखतायत, दोघांची मॅचच वेगळी चाललीय.

आपल्याकडचा अभ्यास सांगतो. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभेच्या वेळी बिहारमध्ये १,२२४ लोक घेतले, त्यातल्या काहींना घरी जाऊन खोट्या बातम्या कशा ओळखायच्या याचं तासभर ट्रेनिंग दिलं. एकंदरीत फरक पडला नाही. पण त्यांनीच पुढं सिमोन शोशार यांच्याबरोबर व्हॉट्सअ‍ॅपसारख्या चॅटवर तपासलं तेव्हा ग्रुपमधल्याच कुणीतरी साधं ‘हे खरं नाही वाटत’ म्हटलं, लिंक नाही, पुरावा नाही, तरी वाचणाऱ्यांचा खोट्यावरचा विश्वास कमी झाला.

म्हणून माझं ऐकाल तर लिंकांचा ढीग बंद करा. एक ओळ टाका, ‘दाजी, हे चुकीचं आहे, मी बघितलं’, आणि त्याच्याखाली लगेच गड्ड्याच्या जत्रेला कधी येताय विचारा. दाजी तिथल्या तिथं बदलणार नाहीत, ग्रुपवरची बाकीची जी मंडळी गुपचूप वाचतात त्यांच्यासाठी ती ओळ आहे. आणि दाजींशी बोलायचंच असेल तर फोनवर, चार लोकांसमोर नको, तिथं त्यांना मागं फिरायला जागा राहत नाही. फोनवर एकच विचारायचं, हीच गोष्ट दुसऱ्या पक्षानं केली असती तर तुम्ही काय म्हटला असता? हे मी मनानं सांगत नाहीये, त्याच स्टॅनफर्डवाल्यांनी १९८४ मध्ये बघितलं की ‘निःपक्षपातीपणे विचार करा’ सांगून काही उपयोग होत नाही, पण निकाल उलटा आला असता तर तुम्ही काय म्हणाला असता, हे स्वतःला विचारा असं सांगितलं की होतो. हा प्रश्न स्वतःला पण अधनंमधनं विचारत जा ताई, आवडत्या बाजूच्या बातम्या आपण पण कुठं तपासतो.

प्रश्न : मी एमआयडीसीत कामाला आहे. सुट्टी झाली की टपरीवर आमचा सात-आठ जणांचा कट्टा बसतो, तिथं एका समाजाबद्दल रोज काहीबाही बोललं जातं. मला पटत नाही पण मी पण हसतो बे, काय करणार, एकटा पडलो तर? मी भित्रा आहे का?
– अक्कलकोट रोड

उत्तर : भित्रा असलास तर तुझ्यासारखे ढिगानं आहेत. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या आसपास अमेरिकेत एक साधा प्रयोग केला, कार्डावर तीन रेघा, त्यातली कुठली चौथ्या रेघेइतकी लांब आहे ते सांगायचं, लहान पोरगं पण सांगेल. खोलीत सात-आठ जण, पण खरा पाहुणा एकच, बाकी सगळे शिकवून आणलेले आणि ते ठरवून चुकीचं उत्तर देणार. डोळ्यांना स्पष्ट दिसत असताना साधारण तीन-चतुर्थांश लोकांनी एकदा तरी गटाच्या मागं जाऊन चूक उत्तर दिलं. रेघेवरनं ही हालत, मग समाज नि पक्षाचं काय घेऊन बसलायस.

पण खरी मजा पुढं आहे. अ‍ॅश यांनी त्या टोळीतल्या एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं, बाकी सगळे तसेच खोटं बोलणारे, तर चूक उत्तरं थेट चौथ्या हिश्श्यावर आली. एक माणूस वेगळं बोलला एवढंच. आणि उत्तर मोठ्यानं न सांगता गुपचूप कागदावर लिहायला दिलं तेव्हा पण लोक बरेच कमी वाहवले.

आता तुझा कट्टा. तुला वाटतंय की सगळे मनापासून हसतायत, आणि त्यातल्या दोघा-तिघांना अगदी हेच तुझ्याबद्दल वाटत असणार! फ्लॉइड ऑलपोर्ट आणि डॅनियल कॅट्झ यांनी १९३१ मध्येच हे लिहून ठेवलंय, प्रत्येक जण मनातनं नाराज आणि प्रत्येकाला वाटतं नाराज मी एकटाच. अलीकडं सौदी अरेबियात रियाधच्या लग्न झालेल्या तरुणांना विचारलं, बायकांनी घराबाहेर काम करावं का, तर बहुतेक सगळे खाजगीत हो म्हणाले, पण शेजारपाजारचे आपल्यासारखेच पुरुष इतक्या संख्येनं हो म्हणत असतील असं काही त्यांच्यातल्या बहुतेकांना वाटत नव्हतं. खरा आकडा सांगितल्यावर बायकोला नोकरीच्या साइटवर नाव घालू द्यायला जास्त जण तयार झाले.

भाषण ठोकू नको. कट्ट्यावर भाषण ठोकणाऱ्याला सोलापुरात काय म्हणतात ते तुला मी सांगायला नको. पुढच्या वेळी फक्त हसू नको, आणि ‘जाऊ दे बे, सगळे तसले नसतात’ एवढं म्हणून चहाचे पैसे द्यायला उठ. नंतर गाडी काढताना कोण तुझ्याजवळ येतो बघ.

प्रश्न : हे सगळे प्रयोग खरे असतात का हो? की तिकडच्या कॉलेजच्या पोरांवर करायचे आणि आपल्याला ज्ञान द्यायचं?
– निवृत्त शिक्षक, सात रस्ता

उत्तर : गुरुजी, शंका बरोबर आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग परत करून बघितले, मूळ पेपरात ९७ टक्क्यांचा निकाल भक्कम होता, परत केल्यावर ३६ टक्क्यांचाच निघाला, सामाजिक मानसशास्त्राचं तर अजून वाईट. १९७१ चा तो स्टॅनफर्डचा जेलचा प्रयोग, पोरांना गार्ड आणि कैदी बनवलेला, सगळ्या पुस्तकांत आहे, पण गार्ड झालेल्या पोरांना कसं वागायचं ते आधीच सुचवलं होतं हे पुढं उघड झालं, मी तो आता कुणाला सांगत नाही. अ‍ॅशचा सांगतो, कारण तो वेगवेगळ्या देशांत कितीतरी वेळा करून झालाय.

प्रश्न : आम्ही १२ जानेवारीला हुतात्मा दिनानिमित्त टेनिस बॉलच्या मॅचेस घेतो. टीम पेठेप्रमाणं असतात त्यामुळं आपोआप समाजाप्रमाणंच होतात. एकोपा वाढावा म्हणून घेतो पण दरवर्षी एक तरी भांडण ठरलेलं. चुकतंय कुठं?
– मंडळाचे कार्यकर्ते, अशोक चौक

उत्तर : टीम पाडण्यात चुकतंय. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात हेच करून बघितलं, १,२६१ तरुण, वेगवेगळ्या जातींचे, महिनाभराच्या क्रिकेट लीग. जे एकाच टीममध्ये मिसळून खेळले त्यांची दुसऱ्या जातीत मैत्री वाढली, जे दुसऱ्या जातीच्या विरोधात खेळले त्यांचं उलट बिघडलं. नुसतं एका ग्राउंडवर आणून भागत नाही, एका बाजूनं खेळवावं लागतं. पाणी यायचं त्या दिवशी अख्खी गल्ली जशी एक होते तसं काहीतरी सगळ्यांचं मिळून पाहिजे. मानसशास्त्रज्ञ शरीफ यांच्या १९५४ च्या अमेरिकेत ओक्लाहोमातल्या कॅम्पमध्ये पण भांडणाऱ्या पोरांचे दोन गट पाण्याची टाकी बिघडल्यावरच एकत्र कामाला लागले होते, योगायोग बघा.

हां, फार अपेक्षा पण नको. इराकमध्ये सल्मा मूसा यांनी ख्रिश्चन फुटबॉल टीममध्ये मुस्लिम खेळाडू घातले, सहा महिन्यांनी पण ती पोरं एकत्र सराव करत होती, पण मैदानाबाहेर अनोळखी लोकांशी वागणं फारसं बदललं नाही.

तेव्हा यंदा पेठा मोडा आणि चिठ्ठ्या टाका. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे, ज्या चार हुतात्म्यांच्या नावानं मॅचेस घेताय ती टीम पण मिक्सच होती. फक्त चिठ्ठ्या सगळ्या पेठांच्या पोरांसमोर उघडा, नाहीतर सेटिंग केली म्हणून पहिल्या ओव्हरच्या आधीच सुरू व्हायचं.