प्रश्न : एखाद्या स्वतंत्र प्रकाशकाची चांगली कॉमिक्स किंवा ग्राफिक नॉव्हेल सुचवाल का? मुलगा नववीत आहे, सुपरहिरो नकोत, आणि घरी 'चित्रांची पुस्तकं' म्हटलं की वडीलधारे नाक मुरडतात.

प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. नाहीतर यादी द्यायला बाकीचे समर्थ आहेत.

दिल्लीच्या नवयानचं 'भीमायन' घ्या. नवयान २००३ साली एस. आनंद आणि रविकुमार यांनी सुरू केलं. जात हाच विषय धरून बसलेलं छोटं प्रकाशन आहे. 'भीमायन' २०११ चं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी जोडप्याची. दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली. मूळ आधार म्हणजे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मधल्या आठवणी.

आता माझं दुखणं. मी शाळेत चित्रकला शिकवत होते. म्हणजे माझा तास कधी गणिताला जायचा, कधी विज्ञानाला, परीक्षा जवळ आली की कुणालाही. निवृत्त झाल्यावर गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तक निवड समितीवर गेले. तिथे कार्यवाह कोण, तर एका हायस्कुलाचे निवृत्त मुख्याध्यापक. म्हणजे तास पळवणारी जमात. अनुदान आलं, खरेदीची यादी निघाली, मी 'भीमायन' सुचवलं. सर म्हणाले, "अहो बाई, बाबासाहेब वाचायचे तर कीरांचं चरित्र आहे, खैरमोड्यांचं आहे. त्यात ही चित्रं कशाला? आणि तेही इंग्रजी!" मी म्हटलं, कीर आणि खैरमोडे कपाटात आहेतच, गेल्या वर्षभरात कुणी नेलेत ते रजिस्टर काढून सांगा. रजिस्टर काही निघालं नाही. पुस्तक घेतलं, पण नोंद केली बालविभागात. सापशिडी आणि रंगीत अंकलिप्या ठेवतात त्या मांडणीवर.

बालविभाग! त्या पुस्तकात काय आहे ते तरी बघावं. तीन भाग आहेत : पाणी, निवारा, प्रवास. १९०१ च्या सुमाराला साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली पोरं (त्यांत लहानगे बाबासाहेब) मसूर स्टेशनवर उतरतात. अंगावर चांगले कपडे, म्हणून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करतो. जात कळली की एकदम मागे सरतो. गाडीवान दुप्पट भाडं घेतो आणि बैल तुम्हीच हाका म्हणतो. डबा बरोबर आहे, पण पाणी मिळत नाही म्हणून पोरं रात्रभर उपाशी. पुढे बडोद्याला राहायला जागा नाही, १९२९ ला चाळीसगावचा टांगा, १९३४ ला दौलताबादच्या किल्ल्याबाहेरचा हौद. मध्ये मध्ये आजच्या वर्तमानपत्रांची कात्रणं येतात, खैरलांजीच्या दलित हत्याकांडाचीसुद्धा. हे सगळं सांगितलं जातं ते एका बसस्टॉपवरच्या गप्पांतून. तिथे एक जण आरक्षणावर कुरकुरत असतो, तसे चार जण तुमच्याही ओळखीत असतील.

चित्रांबद्दल मात्र मी बोलणारच, तो माझा प्रांत आहे. कॉमिक्स म्हटलं की चौकटी, हे आपल्या डोक्यात पक्कं. व्याम दांपत्याने चौकटीच नाकारल्या. माणसं डब्यात कोंबायची नाहीत, चित्र खुलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग पान विभागायचं कसं? तर त्यांच्याकडे मातीच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढतात त्या दिग्न्याच्या नक्षीने. त्या वळणदार पट्ट्या पानभर फिरतात आणि प्रसंग एकमेकांपासून वेगळे करतात. बोलण्याचे फुगेही साधे नाहीत. कळकळीने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराच्या फुग्यात एक डोळा असतो. वर्गात चाळीस मिनिटं भाषण करून जे पोरांच्या डोक्यात शिरत नाही, ते इथे एका रेषेत येतं.

आमच्या वाचनालयातले शिपाईमामा इंग्रजीच्या वाटेला जात नाहीत. एकदा दुपारी वाचक नव्हते तेव्हा ते मांडणी पुसता पुसता हे पुस्तक उघडून उभे राहिले. फडकं खांद्यावर, बोट एका फुग्यावर. मला म्हणाले, "बाई, हा माणूस वाईट बोलतोय ना? बघा, नांगी आहे त्याच्या बोलण्याला." मग स्वतःच पानं मागेपुढे करून कोण आपलं आणि कोण परकं ते लावत बसले. मी लगेच सरांना बोलावलं. ते म्हणाले, "म्हणजे निरक्षरांसाठी चांगलं आहे." मामा सातवी पास आहेत आणि रोज पेपर वाचतात. अशा माणसाशी पुढे काय बोलणार?

असो. याच प्रकाशनाचं दुसरं पुस्तक 'अ गार्डनर इन द वेस्टलँड', तेही २०११ चं. श्रीविद्या नटराजन आणि चित्रकार अपराजिता निनन. जोतीरावांच्या १८७३ च्या 'गुलामगिरी'वर बेतलेलं, काळंपांढरं. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली होती. तो धागा पकडून या दोघी अमेरिकेतला वर्णभेद आणि इथली जात शेजारी शेजारी ठेवतात, स्वतःही चित्रांत येऊन बोलतात. स्पष्ट सांगते, चित्रकला म्हणून हे 'भीमायन'च्या जवळपास नाही. पानं मजकुराने गच्च भरली आहेत, काही ठिकाणी चित्राला श्वास घ्यायला जागा नाही. पण नववीतल्या मुलाला ते जास्त लवकर झेपेल, कारण तिरकस आहे आणि ओळीने वाचता येतं. मराठी घरात 'गुलामगिरी' मूळ भाषेत आहे, ती शेजारी ठेवा. जोतीराव आणि धोंडीबाचा संवाद आधीच नाट्यमय आहे, मुलाला चित्रं का सुचली असतील ते लगेच कळेल.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. दोन्ही मी इंग्रजीत वाचली, तेव्हा मुलाचं इंग्रजी कच्चं असेल तर सोबत बसावं लागेल. 'भीमायन' हे संपूर्ण चरित्र नाही, त्यावरून परीक्षेचा निबंध लिहायला सांगू नका. खैरलांजीवर मुलगा प्रश्न विचारणार, उत्तराची तयारी ठेवा. पहिली दहा पानं नजर भिरभिरते, कुठून कुठे वाचायचं कळत नाही, मग सवय होते.

नवयान सोडून हवं असेल तर चेन्नईच्या तारा बुक्सचं 'आय सी द प्रॉमिस्ड लँड' बघा, मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर, चित्रं बंगालच्या पटुआ, म्हणजे चित्रपट्ट्या दाखवत गोष्ट गाणाऱ्या, परंपरेतले मनू चित्रकार यांची. त्याच्याबद्दल एवढंच, कारण उत्तर लांबलं.

घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद घालू नका, उपयोग नसतो. 'भीमायन' आणा आणि चरित्रांच्या कपाटात कीरांच्या शेजारी ठेवा. मीही महिन्यातून दोनदा तेच करते, सर परत बालविभागात नेऊन ठेवतात.