बॉल पायथनच्या टाकीखाली थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट लावली तर चालेल का?

तुम्ही टोरांटोहून लिहिलंय की टाकीखालची विजेवर तापणारी मॅट हाताला कोमटच लागते, मग तापमान आपोआप आवरणाऱ्या थर्मोस्टॅटवर खर्च कशाला? माझ्याकडेही बॉल पायथन, म्हणजे घरी पाळला जाणारा छोटा आफ्रिकी अजगर, आहे, म्हणून कळकळीने सांगतो, मॅट आत्ता बंद करा आणि थर्मोस्टॅट मागवा. तोवर खोली २५ अंशांच्या आसपास ठेवलीत तर एक-दोन दिवसांत सापाला काही होत नाही.

हाताच्या अंदाजावर इथे विसंबू नका. मॅटवर काच, काचेवर भुशाचा थर आणि त्यावर वेटोळं घालून बसलेला साप, अशी उष्णता आत कोंडत जाते. नियंत्रण नसलेली मॅट ४५ अंशांच्याही वर जाऊ शकते. पोटाला चटका बसत असतानाही साप बरेचदा तिथून हलत नाही. खवले लाल झालेले दिसतात तेव्हा भाजून झालेलं असतं.

सापाला अख्खी टाकी सारखी गरम नको असते. त्याचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही, तो जागा बदलून ती मिळवतो. म्हणून मॅट फक्त एका टोकाला, तळाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात लावा. गरम टोक ३१-३२ अंश, थंड टोक २५-२६, आणि दोन्हीकडे लपायला जागा द्या. एकाच टोकाला आडोसा असेल तर भित्रा साप ऊब सोडून आडोसाच निवडतो.

थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरीचं टोक, मॅटच्या बरोबर वर, काचेला चिकटवून घट्ट बसवा. तो सरकून थंड हवेत आला तर थर्मोस्टॅटला टाकी गारच वाटते आणि मॅट तापतच राहते. त्यासाठी गरम टोकाला वेगळा डिजिटल थर्मामीटर हवाच. काचेला चिकटवायचे काट्याचे थर्मामीटर मी वापरत नाही, ते फार फसवतात.

तुमच्याकडच्या हिवाळ्यात मॅटने हवा तापणार नाही. उजेड न देता फक्त उष्णता देणारा सेरॅमिक बल्ब जोडावा लागेल, तोही थर्मोस्टॅटवर आणि भोवती जाळी लावून. साप बल्बला विळखा घालतो.

वीज गेली तर टाकीवर घोंगडी टाका, हवा खेळायला फट ठेवा आणि वीज येईपर्यंत खायला देऊ नका. गारठ्यात पचन थांबतं आणि साप उंदीर ओकून टाकतो. श्वासाला घरघर किंवा तोंडाशी बुडबुडे दिसले तर मात्र तापमानाशी खेळत न बसता सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या.

भारतातून कुणी वाचत असेल तर धामण, अजगर असे देशी साप घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.