चंद्रावरील विवरांची खोली लहान दुर्बिणीच्या साहाय्याने मोजता येते का, आणि तिची सूची कशी ठेवावी?

आपला प्रश्न दोन भागांचा आहे: लहान दुर्बिणीतून टिपलेल्या छायाचित्रांवरून विवरांची खोली मोजता येईल का, आणि एकाच विवराची खोली निरनिराळ्या पुस्तकांत वेगवेगळी दिलेली असताना स्वतःची सूची कशाच्या आधारावर करावी. खोली निश्चित मोजता येते. पुस्तकांतील तफावत मात्र बऱ्याचदा मोजणाऱ्याच्या चुकीमुळे पडलेली नसते. ‘खोली’ या एका शब्दाखाली प्रत्येकाने थोडी वेगळी गोष्ट मोजलेली असते.

विवरावर सूर्य उगवत असतो तेव्हा त्याच्या पूर्व कडेची सावली आत पडते. त्या सावलीवरून आपल्याला कळतो तो फक्त दोन बिंदूंच्या उंचीतील फरक: कडेवरचा जो बिंदू सावली पाडतो तो, आणि सावलीचे टोक जिथे टेकते तो. विवराची कड वर्तुळासारखी सारख्या उंचीची नसते. प्लेटो या विवराच्या सपाट, काळसर तळावर सकाळी पडणाऱ्या सावल्या पाहिल्या, की त्या टोकदार सुळक्यांसारख्या दिसतात, कारण कडेवर खरोखरच शिखरे आणि खिंडी आहेत. शेजारच्याच सुळक्याची सावली मोजली तर आकडा बदलतो. शिवाय सकाळी पूर्व कड मोजली जाते आणि चांद्रसंध्याकाळी पश्चिम कड, त्यामुळे ही दोन उत्तरे जुळलीच पाहिजेत असा आग्रह धरू नये.

आता प्रत्यक्ष पद्धत. सावलीचे टोक आणि कडेवरचा बिंदू एकाच सूर्यकिरणावर असतात. हा किरण आपल्या दृष्टिरेषेशी जो कोन करतो तो म्हणजे कलाकोन, अर्थात चंद्रापाशी सूर्य आणि पृथ्वी यांच्या दिशांमधला कोन. म्हणून छायाचित्रात मोजलेल्या सावलीच्या लांबीला कलाकोनाच्या साइनने भागले, की किरणावरची खरी लांबी मिळते. विवर चंद्राच्या दिसणाऱ्या चकतीच्या मध्याशी आहे की काठाशी, याचा वेगळा हिशेब करावाच लागत नाही. मला ही गोष्ट समजली तेव्हा फार आनंद झाला होता, आणि नवशिक्याला मी आजही सर्वांत आधी हीच सांगतो.

कोपर्निकस या विवराचे उदाहरण घेऊ. समजा छायाचित्रात सावली २४ किमी भरली आणि कलाकोन ६२ अंश होता. ६२ अंशांचा साइन ०.८८३, म्हणून किरणावरची लांबी २७.२ किमी. कडेवरच्या त्या बिंदूपाशी सूर्याचा उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची कोनीय उंची, ८.५ अंश असेल तर त्याचा साइन ०.१४८, आणि गुणाकार येतो सुमारे ४.०२ किमी. इथेच थांबलात तर चूक होईल, कारण चंद्राचा पृष्ठभाग वक्र आहे. सावलीच्या आडव्या अंतराचा, म्हणजे २६.९ किमीचा, वर्ग करून त्याला चंद्राच्या व्यासाने, ३,४७५ किमीने, भागा: ०.२१ किमी. हे वजा केले की ३.८ किमी उरतात, आणि कोपर्निकसची सर्वसाधारणपणे दिली जाणारी खोलीही तेवढीच आहे.

उन्नतांश काढण्यासाठी त्या बिंदूचे अक्षांश-रेखांश आणि छायाचित्राची अचूक वेळ लागते. चंद्रावर सूर्याचा उन्नतांश विषुववृत्ताजवळ ताशी साधारण अर्धा अंश बदलतो. वरच्या उदाहरणात अर्ध्या तासाची चूक झाली तर उत्तर सुमारे १२० मीटरने बदलते. माझ्या पहिल्या वहीत मी फक्त तारखा लिहिल्या होत्या; ती सगळी मोजमापे मला बाजूला ठेवावी लागली. हे गणित करून देणारी एलटीव्हीटी नावाची मोफत संगणकप्रणाली आहे, पण दोन-तीन विवरे तरी हाताने करून पाहावीत.

चुकीचा मोठा वाटा सावलीच्या लांबीचा असतो. चकतीच्या मध्यावर १ विकला (अंशाचा ३,६००वा भाग) म्हणजे साधारण १.८६ किमी. टोक ठरवताना अर्ध्या विकलेची चूक झाली, तर कोपर्निकसच्या उदाहरणात जवळपास दीडशे मीटरचा फरक पडतो. सूर्य फार खाली असेल तर सावली लांब आणि सोयीची वाटते, पण सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची चकती असल्यामुळे टोक पुसट होते. मी सूर्य ३ अंशांखाली असताना मोजत नाही.

लहान, वाटीसारख्या विवरांसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. साधारण १५ किमीपेक्षा लहान ताज्या विवरांची खोली व्यासाच्या सुमारे एक पंचमांश असते. अशा विवरात सावलीचे टोक मध्याशी पोहोचते तेव्हा सूर्य जवळजवळ २२ अंश वर आलेला असतो. त्याआधी टोक समोरच्या भिंतीवर असते, म्हणून तेव्हाचा आकडा खोलीपेक्षा कमीच येतो.

याच कारणाने सूचीत नुसती खोली लिहून भागत नाही. प्रत्येक नोंदीत कडेवरच्या बिंदूचे आणि सावलीच्या टोकाचे स्थान, जागतिक वेळ, उन्नतांश, कलाकोन आणि सावलीची मोजलेली लांबी हवी. खोली हा त्यातून काढलेला शेवटचा रकाना. १८६६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ ज्युलियस श्मिट यांनी प्रसन्नतेच्या सागरातील लिने हे विवर बदलल्याचे जाहीर केले आणि त्यावर दीर्घ वाद झाला. लिने आज आपल्याला सुमारे २.२ किमी व्यासाचे आणि ६०० मीटर खोल असे साधे, ताजे विवर म्हणून माहीत आहे. आधीच्या निरीक्षकांच्या वर्णनांसोबत अशी मोजमापे असती तर तो वाद लवकर मिटला असता, असे मला वाटते.

पडताळणीसाठी २००९ मध्ये सोडलेल्या लूनर रेकनिसन्स ऑर्बिटर या यानाची लेसर उंचीमापने सर्वांना खुली आहेत. त्यांच्या नकाशावर कडेपासून टोकापर्यंत सावलीच्याच दिशेने रेघ ओढा आणि त्या दोन बिंदूंच्या उंचीतला फरक आपल्या आकड्याशी ताडून पाहा. विवराच्या छापील सरासरी खोलीशी तुलना करू नका. मी आधी स्वतःचे मोजमाप पूर्ण करतो आणि मगच नकाशा उघडतो, कारण उत्तर माहीत असले की सावलीचे टोक नकळत तिकडे सरकते.