मारिया टीव्हीवर निवडली, मग तिच्या आवाजाचं काय झालं?

मागच्या अंकात लंडनच्या एका संगीत नाटकाबद्दल लिहिताना मी सहज म्हणून गेले होते, की त्यातली नायिका टीव्हीवर प्रेक्षकांनी फोनवरून मतं देऊन निवडली होती. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आलीयेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, राग मानू नका.

प्रश्न: हे खरंच झालं होतं का? मला तर वाटतं सगळं आधीच ठरलेलं असणार, मतदान नुसतं दाखवायला. इतक्या मोठ्या नाटकाची मुख्य भूमिका कोण लोकांच्या हातात देईल?

खरंच झालं होतं. २००६ साली बीबीसी वनवर 'हाऊ डू यू सॉल्व्ह अ प्रॉब्लेम लाईक मारिया?' नावाचा कार्यक्रम आला, सूत्रसंचालक ग्रॅहॅम नॉर्टन, आणि मधल्या खुर्चीत संगीतकार-निर्माते अँड्र्यू लॉईड वेबर. त्यांना 'द साऊंड ऑफ म्युझिक' पुन्हा रंगमंचावर आणायचं होतं आणि त्यातली नायिका मारिया सापडत नव्हती. आधी हॉलिवूडमधल्या स्कार्लेट योहान्सनचं नाव चर्चेत होतं, ते काही जमलं नाही, मग हा मार्ग काढला. दर आठवड्याला मुली गाणार, लोक मतं देणार, सगळ्यात कमी मतं पडलेल्या दोघी समोरासमोर गाणार आणि त्यातली एक लॉईड वेबर वाचवणार, दुसरी घरी. फायनलला मात्र निर्णय पूर्ण प्रेक्षकांचा. जिंकली कॉनी फिशर, वय २३, नाट्यशाळेत शिकलेली, पण त्या वेळी पोटासाठी फोनवरून विक्रीचं काम करत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडन पॅलेडियम थिएटरला पडदा वर गेला तेव्हा मारिया म्हणून तीच उभी होती.

त्यानंतर मग ओळच लागली. २००७ ला 'जोसेफ'साठी ली मीड, २००८ ला 'ऑलिव्हर!' मधल्या नॅन्सीसाठी जोडी प्रेंगर, २०१० ला 'द विझर्ड ऑफ ऑझ' मधल्या डोरोथीसाठी डॅनियल होप. आणि 'आधीच ठरलेलं' या शंकेला माझं उत्तर म्हणजे ती नॅन्सीची फायनल. लॉईड वेबर यांचा कल उघड उघड फायनलमधल्या दुसऱ्या मुलीकडे, जेसी बकलीकडे होता, लपवला पण नव्हता त्यांनी, तरी लोकांनी जोडी प्रेंगरला निवडलं आणि जानेवारी २००९ मध्ये लंडनच्या थिएटर रॉयल ड्रुरी लेनला अभिनेते रोवन अ‍ॅटकिन्सनसमोर नॅन्सी म्हणून जोडीच उभी राहिली. ठरलेलं असतं तर असं झालं नसतं ना.

प्रश्न: कॉनी फिशरचा आवाज गेला असं ऐकलं. इतक्या लहान वयात? त्या स्पर्धेमुळेच ना? माझी मुलगी गाते म्हणून विचारतेय, मनात धास्ती बसलीये.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. जरा सविस्तर लिहिते कारण यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकत्र करून टाकतात.

पहिली गोष्ट कामाच्या ओझ्याची. वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या त्या नाटकांच्या भागात, आठवड्याला ८ प्रयोग होतात. दोन दिवस तर दुपारी एक आणि रात्री एक. मारिया बहुतेक सगळ्या प्रवेशांत आहे, गाते, नाचते, मुलांच्या मागे पळते, परत गाते. आता टीव्हीवरच्या स्पर्धेत काय असतं बघा, आठवड्यातून एकदा दीड-दोन मिनिटांचं एक गाणं आणि थोडं समूहगान, बाकीचे दिवस तालीम. म्हणजे जे बघून आपण मत देतो आणि जे काम तिला नंतर करायचंय ते वेगळंच आहे. एकाच दिवशी दुसऱ्या प्रयोगाला आवाज कसा लागतो हे टीव्हीवर कधीच दिसत नाही, आणि नाटकवाल्यांना सगळ्यात जास्त काळजी त्याचीच असते. मी स्वतः ऐन पंचविशीत एका नाटकाच्या कोरसमध्ये गायचे, मुख्य भूमिका वगैरे काही नाही, नुसता कोरस, तरी तिसऱ्या आठवड्यात माझा आवाज असा बसला की चार दिवस कागदावर लिहून बोलत होते. त्यामुळे कॉनीबद्दल वाचलं तेव्हा मला पोटात कालवलं. पुढे तिचे प्रयोग कमी करून आठवड्याला ६ केले गेले आणि उरलेल्या प्रयोगांना त्याच स्पर्धेत तिच्याबरोबर असलेली ईफा मल्होलंड मारिया करायला लागली.

दुसरी गोष्ट वैद्यकीय. काही वर्षांनी कळलं की कॉनीला स्वरतंतूंचा एक जन्मजात दोष आहे, 'सल्कस व्होकॅलिस' म्हणतात त्याला. स्वरतंतूच्या कडेला खाचेसारखी घडी असते, मग दोन्ही तंतू नीट जुळत नाहीत, मधून हवा निसटते, आवाज घोगरा होतो, लवकर थकतो, आणि गाणारा माणूस ती कसर भरून काढायला जास्त जोर लावत राहतो. तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, पण पूर्वीसारखं गाणं काही परत आलं नाही. म्हणून 'स्पर्धेमुळेच' असं म्हणणं मला पटत नाही, दोष आधीपासून आतमध्ये होता. पण हेही तितकंच खरं वाटतं की आठवड्याला ८ वेळा मारिया गायला लावण्याआधी ईएनटीच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रात कॅमेरा घालून बघणं हा निवडीचाच भाग असायला हवा, जसं खेळाडूचा गुडघा तपासतात तसं.

पुढे डोरोथी निवडताना एक गोष्ट मात्र नीट केली. डोरोथी झालेली डॅनियल होप तेव्हा जेमतेम १८ ची, तर तिच्यासोबत दुसऱ्या नंबरवर आलेली सोफी एव्हन्स हिलाही घेतलं आणि आठवड्यातला एक ठरलेला प्रयोग तिचा. डॅनियल गेल्यावर पुढे ती भूमिका सोफीकडेच आली. तुमच्या मुलीबद्दल एवढंच, ती गाते म्हणून घाबरू नका, पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरेपणा राहिला तर काढे-गुळण्यांवर न थांबता डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: वर्षानुवर्षं नाटकात घासणाऱ्या कलाकारांवर हा अन्याय नाही का? ते रांगेत उभे आणि भूमिका टीव्हीवरचा कुणीतरी घेऊन जाणार!

हा प्रश्न तेव्हा इंग्लंडमध्येही जोरात विचारला गेला. कलाकारांच्या बाजूने नाराजी होती, आणि २००८ मध्ये ओल्ड विक थिएटरचे तेव्हाचे प्रमुख केव्हिन स्पेसी यांनी वेगळाच मुद्दा काढला, की सरकारी परवाना फीवर चालणारी वाहिनी एका खासगी निर्मात्याच्या नाटकाची आठवडेच्या आठवडे जाहिरात करतेय, बाकीच्या थिएटरनी काय करायचं. मला हा मुद्दा एकदम रास्त वाटतो. ब्रिटनमध्ये टीव्ही बघणारं जवळपास प्रत्येक घर त्या वाहिनीसाठी पैसे भरतं, मग एकाच निर्मात्याला इतका वेळ का?

पण 'कुणीतरी येऊन भूमिका घेऊन गेला' हे तितकं बरोबर नाही. ली मीड स्पर्धेत आला तेव्हा तो 'फँटम ऑफ द ऑपेरा'च्या संचात होता, म्हणजे रोज रात्री वेस्ट एंडलाच उभा राहत होता, फक्त मागच्या रांगेत. कॉनी नाट्यशाळेत शिकलेली. हे सगळे दारातच थांबलेले लोक होते, ज्यांना आत कुणी बोलवत नव्हतं. आणि टीव्हीवर ठरलेल्या एक-दोन भूमिका सोडल्या तर बाकी संच नेहमीच्याच पद्धतीने निवडलेला असतो.

माझी खरी तक्रार वेगळी आहे आणि ती फारशी कुणी करत नाही. यादी बघा, साऊंड ऑफ म्युझिक, जोसेफ, ऑलिव्हर, विझर्ड ऑफ ऑझ, ग्रीस. सगळी जुनी, सगळ्यांना तोंडपाठ असलेली नाटकं. कारण साधं आहे, घरी बसलेल्या माणसाला गाणं आधीच माहीत असल्याशिवाय ते चांगलं झालं की नाही हे तो कसं ठरवणार? म्हणजे या पद्धतीत नव्याकोऱ्या नाटकाला जागाच नाही. ज्याला खरी प्रसिद्धीची गरज आहे ते नवीन नाटक बाहेर आणि ज्याची गाणी आजीलाही पाठ आहेत त्याला शनिवार संध्याकाळची सगळ्यात महागडी वेळ, याचं मला फार वाईट वाटतं. तरी हेही सांगते की कधी थिएटरची पायरी न चढलेली हजारो कुटुंबं या कार्यक्रमांमुळे तिकीट काढून आली, आपण मत दिलेली मुलगी बघायला आली, आणि त्यांचा तो आनंद खोटा नव्हता.

प्रश्न: नॅन्सीच्या त्याच स्पर्धेत ऑलिव्हर या लहान मुलाच्या भूमिकेसाठी तीन मुलं का निवडली? एकच जिंकायला नको का?

लहान मुलांना आठही प्रयोग करायला लावता येत नाहीत, ब्रिटनमध्ये त्यांच्या कामाच्या तासांवर कायद्याने बंधन आहे. म्हणून तिघांनी आळीपाळीने भूमिका करायची. मोठ्यांसाठीही असाच नियम असता तर किती बरं झालं असतं.

प्रश्न: दुसऱ्या देशांत झालं का असं काही?

झालं की. अमेरिकेत २००७ मध्ये एनबीसी वाहिनीवर 'ग्रीस'साठी मॅक्स क्रम आणि लॉरा ऑस्नेस, दोघंही मग ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकांच्या भागात, उभे राहिले. ब्रिटनमध्ये आयटीव्ही या वाहिनीनेही त्याच वर्षी 'ग्रीस'साठीच नायक-नायिका शोधले. कॅनडात २००८ ला मारिया, २०१२ ला डोरोथी. नेदरलँड्समध्ये एव्हिटा, जोसेफ, मेरी पॉपिन्स, झोरो असं बरंच. जर्मनीत टारझन आणि जेन. २०१२ ला आयटीव्हीवर 'जीझस ख्राईस्ट सुपरस्टार'साठी बेन फॉर्स्टर निवडला गेला, आणि मग त्याच वाहिनीवर बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर २०२३ ला 'मामा मिया'साठी पुन्हा स्पर्धा झाली.

प्रश्न: हरलेल्यांचं पुढे काय होतं? लोक विसरून जातात का?

मला सगळ्यात आवडलेला प्रश्न. नॅन्सीच्या त्या एकाच स्पर्धेकडे बघा. दुसरी आलेली जेसी बकली, तिने नंतर लंडनच्या राडा या नाट्यशाळेत रीतसर शिक्षण घेतलं, २०१३ ला बाहेर पडली, आणि २०२२ ला ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली. तिसरी समांथा बार्क्स, 'ले मिझराब्ल'च्या २०१२ च्या सिनेमात एपोनिन, आणि २०२१ ला 'फ्रोझन'ची एल्सा, तेही त्याच ड्रुरी लेन थिएटरात जिथली नॅन्सी तिच्या हातून निसटली होती! त्याआधीच बाहेर पडलेली रेचल टकर 'विकेड' नाटकाची नायिका एल्फाबा झाली. मला वाटतं यांना एक गोष्ट मिळाली जी जिंकणाऱ्याला मिळत नाही, ती म्हणजे वेळ. जिंकलेल्याला काही महिन्यांत थेट मुख्य भूमिकेत, सगळ्या समीक्षकांसमोर उभं राहायचं असतं, चुकायला जागा नाही. हरलेला मात्र लहान भूमिका करत, पडत-धडपडत शिकू शकतो. अर्थात जिंकूनही टिकलेले आहेत, लॉरा ऑस्नेसला पुढे ब्रॉडवेच्या टोनी पुरस्काराची नामांकनं मिळाली.

प्रश्न: मी १७ वर्षांची आहे, गाते. अशी स्पर्धा निघाली तर जाऊ का? घरचे म्हणतात जा, सर म्हणतात आवाज खराब होईल.

जा गं, पण आधी एक करून बघ. तुझ्या आवडीच्या नाटकातली नायिकेची सगळी गाणी काढ, फक्त ते एक गाजलेलं नाही, सगळी, न आवडणारी पण. ती ओळीने म्हण, मधले संवाद पण मोठ्याने म्हण, उभं राहून, चालत, जिना चढत. दुसऱ्या दिवशी परत. एक दिवस असा धर की दुपारी एकदा आणि रात्री एकदा. घसा दुखला की तिथेच थांब, जोर लावू नकोस, फक्त कितव्या दिवशी दुखला ते वहीत लिहून ठेव. ती वही तुझ्या सरांना दाखव, आवाज खराब होईल असं ते कशावरून म्हणतात ते त्यांना त्या वहीवर बोट ठेवून सांगता येईल आणि तुलाही कळेल की कुठली गाणी गळ्यावर येतात आणि कुठली पोटातून निघतात. स्पर्धेत निवड झालीच तर करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या, आठवड्याला प्रयोग किती आणि मी आजारी पडले तर माझ्या जागी कोण उभं राहणार. दुसऱ्याचं उत्तर नीट मिळालं नाही तर घरच्यांना सोबत घेऊन परत विचार.

आणि ती वही भरली की मला लिही, कितवा दिवस होता ते.