घरातले सुतारकाम आणि न दिसणारी धूळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : निवृत्तीनंतर मी नाशिकच्या घरी तळमजल्यावरच्या १२ फूट बाय १० फूट खोलीत सुतारकाम करतो. टेबल सॉ (मेजात बसवलेली गोल करवत), खाचा पाडणारे राउटर आणि ऑर्बिटल सँडर (पॉलिश पेपरने घासणारे यंत्र) अशी यंत्रे आहेत. गेल्या वर्षी एक अश्वशक्तीचा, कापडी पिशवीचा डस्ट कलेक्टर घेतला. तेव्हापासून जमिनीवर भुसा जवळजवळ पडत नाही. तरीही फळीवरच्या डब्यांवर दुसऱ्या दिवशी पिठासारखा थर दिसतो आणि दोन-तीन तास पॉलिश पेपर मारला की सकाळी खोकला येतो. पत्नीला दमा आहे. यंत्रात दोष आहे का? मास्क लावून भागेल का? की खिडकीत मोठा एक्झॉस्ट पंखा बसवून धूळ बाहेर सोडावी? खोलीला लागूनच न्हाणीघर असून तेथे गॅस गिझर आहे.

उत्तर : आपले यंत्र बिघडलेले नाही. भुसा आणि ढलप्या ओढून घेण्यासाठी ते बनवले आहे आणि ते काम ते नीट करत आहे. अडचण त्याच्या पिशवीत आहे. अशा यंत्रांबरोबर येणाऱ्या साध्या कापडी पिशव्या बहुधा ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे कण अडवतात आणि त्याहून बारीक धूळ कापडातून गाळून पुन्हा खोलीत सोडतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. फुप्फुसात खोलवर पोहोचणारी धूळ १० मायक्रॉनपेक्षा लहान असते आणि तिचा एकेक कण डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे जी धूळ त्रास देते नेमकी तीच आपले यंत्र जमिनीवरून उचलून नाकाच्या उंचीवर उडवत आहे. डब्यांवरचा थर हा त्याचाच पुरावा आहे.

ही धूळ लवकर खाली बसतही नाही. १० मायक्रॉनचा कण दोन मीटर उंचीवरून जमिनीवर यायला शांत हवेत साधारण १० मिनिटे घेतो, तर १ मायक्रॉनच्या कणाला अर्ध्या दिवसाहून अधिक काळ लागतो. काम संपवून आपण मास्क काढून चहा घेता, तेव्हा सकाळच्या सँडिंगची धूळ हवेतच असते. आणि तिचे प्रमाण किती अल्प असले तरी पुरते, हेही पाहा. कठीण लाकडाच्या धुळीसाठी ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणची आठ तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला ३ मिलिग्रॅम आहे. आपली खोली १० फूट उंच धरली तर तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. त्यामुळे खोलीभर मिळून अवघी १०० मिलिग्रॅम धूळ तरंगत असली तरी ती मर्यादा गाठली जाते. चिमटीत धरलेले मीठ याहून जास्त भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात घातले. हा धोका मुख्यतः नाकाच्या पोकळीतील आणि तिच्या आसपासच्या सायनसमधील कर्करोगाचा आहे आणि तो वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्या कामगारांमध्ये आढळला. छंद म्हणून काम करणाऱ्याने घाबरून जावे असे मी म्हणणार नाही, परंतु खोकल्याकडे दुर्लक्ष करणेही मला मान्य नाही. आपण एकदा छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी आणि लाकडाच्या धुळीत काम करतो हे त्यांना आवर्जून सांगावे.

माझी स्वतःची खात्री कशी पटली ते सांगतो. माझ्या कामाच्या खोलीत सकाळी पूर्वेच्या झडपेतून एक कवडसा येतो. नवा कलेक्टर चालू केल्यावर जमीन लख्ख झाली म्हणून मी समाधानात होतो, पण त्या कवडशात पाहिले तर पिशवीच्या शिवणीतून धुराच्या रेषेसारखी धूळ वर चढत होती आणि यंत्र बंद केल्यावरही कवडसा बराच वेळ दुधाळ राहिला. आपण हीच परीक्षा रात्री करू शकता. सँडिंग थांबवून दिवे मालवावेत, प्रखर टॉर्च आडवी ठेवावी आणि झोताच्या थोडे बाजूला उभे राहून टॉर्चच्या दिशेने पाहावे. पिशवीजवळ आणि सँडरभोवती काय चालले आहे ते लगेच उमगेल.

आता उपाय. धूळ जिथे तयार होते तिथेच तिला धरणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण एकदा हवेत पसरलेली धूळ गोळा करणे फार कठीण असते. आपल्याकडे सर्वाधिक बारीक धूळ सँडर करतो, म्हणून खर्चाची सुरुवात तेथून करावी. सँडरला मोठा कलेक्टर लावून उपयोग नाही. त्याचे तोंड लहान असते, त्यामुळे तेथे जोरदार ओढ असलेला, आतमध्ये कागदी किंवा फ्लीसची पिशवी आणि मागे हेपा फिल्टर (अतिबारीक धूळ अडवणारी गाळणी) असलेला व्हॅक्यूम हवा. उलट टेबल सॉला जोरापेक्षा हवेचे प्रमाण जास्त लागते. गुळगुळीत पाइपमधून मिनिटाला ४००० फूट वेगाने हवा नेली तर ४ इंची पाइप मिनिटाला सुमारे ३५० घनफूट हवा वाहून नेतो, आणि अडीच इंची पाइप जेमतेम १३५. पन्हाळीदार लवचीक नळी जितकी लांब तितकी ही हवा कमी होते. म्हणून ती मीटरभरच ठेवावी आणि बाकीचा मार्ग सरळ पाइपचा करावा. टेबल सॉच्या पात्याच्या वरूनही धूळ उडते. केवळ पेटीखालून ओढून ती सगळी येत नाही, म्हणून वरच्या संरक्षक झाकणालाही नळी जोडता आली तर अवश्य जोडावी.

कलेक्टरची पिशवी बदलून १ मायक्रॉनपर्यंतचे कण अडवणारे घड्यांचे कार्ट्रिज (नळकांड्यासारखा फिल्टर) बसवावे. घड्यांमुळे त्याचे क्षेत्रफळ मोठे असते आणि हवेला अडथळा कमी होतो. त्याच्या आधी शंकूच्या आकाराचा सायक्लोन लावला तर जाड भुसा खालच्या डब्यात पडतो आणि फिल्टर लवकर तुंबत नाही. मात्र बारीक धूळ सायक्लोन फारशी धरत नाही. नुसता सायक्लोन घेऊन फिल्टर तोच जुना ठेवणे ही चूक मी अनेकांकडे पाहिली आहे.

हवा बाहेर सोडण्याचा विचार चुकीचा नाही, पण आपल्या घरात गॅस गिझर आहे, तेव्हा येथे मी थांबून सांगतो. बाहेर गेलेल्या हवेची जागा घ्यायला तितकीच हवा आत यावी लागते. दारे-खिडक्या बंद असतील तर पंखा ती न्हाणीघरातून खेचेल आणि गिझरचा धूर बाहेर जाण्याऐवजी घरात येईल. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. पंखा लावायचाच असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवावी, घराच्या आतल्या बाजूचे दार बंद ठेवून खालची फट पट्टीने बुजवावी आणि त्या वेळी गिझर कोणीही लावू नये. आपल्या खोलीची हवा तासाला सहा वेळा बदलायला मिनिटाला १२० घनफूट पुरतात. म्हणजे साधा छोटा पंखाही चालतो, अवाढव्य पंख्याची गरज नाही. शेजारच्यांची खिडकी मात्र त्या दिशेला नसावी.

मास्क लावावाच, पण शेवटचा बंदोबस्त म्हणून. रुमाल किंवा सर्जिकल मास्क चालणार नाही. एन९५ किंवा भारतीय मानक आयएस ९४७३ नुसार एफएफपी२ दर्जाचा मास्क घ्यावा. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढी असेल तर कडेने हवा शिरते आणि चांगला मास्कही निरुपयोगी होतो. काम संपल्यावरही अर्धा-पाऊण तास पंखा चालू ठेवून मास्क लावूनच आवराआवर करावी. केरसुणी आणि हवेचा फवारा या दोन गोष्टी खोलीतून हद्दपार कराव्यात. पृष्ठभाग व्हॅक्यूमने आणि नंतर ओल्या फडक्याने पुसावेत. कामाचे कपडे त्याच खोलीत उतरवावेत आणि घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. पत्नीच्या दम्यासाठी ही शेवटची सवय बाकी सगळ्याइतकीच मोलाची आहे.

आणखी एक. जिथे शक्य तिथे सँडरऐवजी धारदार रंधा आणि स्क्रॅपर वापरून पाहावे. रंध्यातून पातळ ढलप्या निघतात, धूळ जवळजवळ नाही. एमडीएफ (लाकडाचे तंतू चिकटद्रवात दाबून बनवलेली फळी) मात्र घरात कापणे टाळावे. त्याची धूळ पिठासारखी बारीक असते आणि तिच्याबरोबर फॉर्माल्डिहाइडच्या रेझिनचे कणही येतात.

प्रश्न : रत्नागिरीतील जुन्या घराच्या पाडकामातून मिळालेले सागवान मी वापरतो. ते कापताना मनगटांना खाज येते. शिवाय कलेक्टरच्या पीव्हीसी पाइपला हात लावला की चटका बसतो. यात स्फोटाचा धोका आहे का?

उत्तर : सागवानाच्या धुळीतील काही घटक त्वचेला ॲलर्जी करतात. शिसवाबाबतही असेच घडते. बाह्या मनगटापर्यंत घ्याव्यात, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि खाज टिकली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. जुन्या लाकडावर रंग असेल तर त्यात शिसे असू शकते, म्हणून तो सँडरने घासू नये.

पाइपमधील स्थिर विजेचा चटका त्रासदायक असतो. यंत्राचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि धातूचे भाग त्याला जोडावेत. स्फोटापेक्षा मला आगीची काळजी अधिक वाटते. जुन्या लाकडातला खिळा पात्याला किंवा कलेक्टरच्या पंख्याला लागला की ठिणगी थेट भुशात जाते आणि भुसा तासन्‌तास आतल्या आत धुमसतो. म्हणून कापण्यापूर्वी प्रत्येक फळीवरून धातुशोधक फिरवावा, पटाशीला धार लावायचे ग्राइंडर कलेक्टरला कधीही जोडू नये आणि संध्याकाळी पिशवी रिकामी करून भुसा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घराबाहेर ठेवावा. अळशीच्या तेलाची फडकी त्या डब्यात टाकू नयेत. चुरगळून ठेवलेले तेलकट फडके आपोआप तापून पेट घेते, म्हणून ते उघड्यावर पसरून वाळवावे.